पत्र्याच्या खोलीला आधी सावली द्या

सुरत-नागपूर महामार्गाने धुळ्याहून भुसावळकडे निघालात, की रस्त्याच्या कामावर, नव्या लेआउटच्या तोंडाशी कंटेनरचं ऑफिस दिसतंच. एका दिवसात उभं राहतं, काम संपलं की क्रेनने उचलून नेता येतं. पण मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास गेला, की दुपारी त्यातली माणसं बाहेर निंबाखाली खुर्च्या टाकून बसतात.

कंटेनरची भिंत म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटरचा नालीदार पोलादी पत्रा. उष्णता अडवण्यापुरता तो नसल्यातच जमा. 20 फुटी कंटेनरचं छत सुमारे 15 चौरस मीटर असतं आणि भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण 1 किलोवॉट ऊन पडतं. म्हणजे एकट्या छतावर 15 किलोवॉट! त्यातलं बरंचसं परत फेकलं जातं, काही वारा घेऊन जातो. पण एक टनाचा एसी आतली उष्णता उपसतो ती फक्त 3.5 किलोवॉटने. म्हणून आधी एसी बसवणं मला चूक वाटतं. आधी सावली करा.

छतावर फूट-दीड फूट अंतर सोडून दुसरं छप्पर घाला, मधून वारा खेळू द्या. वरच्या पत्र्याला पांढरा रंग द्या. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला ठेवा, म्हणजे पश्चिमेचं उतरतं ऊन फक्त आखूड बाजूवर येईल. त्यानंतर आतून 50 मिलिमीटर पीयूएफ (पॉलियुरेथेन) फोम फवारून बसवला, तर उष्णता अडवण्यात तो नऊ इंची विटेच्या भिंतीला सहज मागे टाकतो.

आपली धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं वेगळ्या तऱ्हेने वागतात. मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सोडते, म्हणूनच उन्हाळ्यात लोक धाब्यावर झोपायचे. कंटेनरच्या पत्र्यात उष्णता साठतच नाही. दिवस मावळला की तो भराभर निवतो. रात्रीच्या मुक्कामाला तो लोक समजतात तितका वाईट नाही.

खरी अडचण पावसाळ्यात येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. भाद्रपदात रात्री आभाळ उघडलं, की छताचा पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. हवा 26 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर पत्रा 23 अंशांपर्यंत उतरला तरी पुरे: आतल्या माणसांच्या श्वासाची, घामाची वाफ छताला धरते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. छत गळतंय समजून लोक वरून डांबर लावतात. आतून लावलेल्या प्लायवूडमागे नुसता ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरला असेल तर आणखी वाईट. दमट हवा फटींतून मागे शिरते, ग्लासवूल भिजतो आणि गंज आतल्या आत वाढतो. पत्र्याला घट्ट चिकटणारा फोम इथे सरस ठरतो, कारण वाफेला पत्र्यापर्यंत वाटच उरत नाही.

कूलरचंही तसंच. मे महिन्यात हवा कोरडी, तेव्हा तो झकास चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. जुलैत मात्र तो खोलीत ओलावाच भरतो. तेव्हा समोरासमोर खिडक्या आणि पंखा बरा.

मात्र खिडक्या कापताना चौकटीला पोलादी नळ्यांचा आधार वेल्ड करून घ्यावा. नालीदार भिंतच डब्याला ताठ ठेवते. कंटेनरचं वजन चार कोपऱ्यांवर येतं आणि आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. कोपऱ्यांखालचे खांब मुरुमापर्यंत नेले नाहीत, तर एक कोपरा उचलला जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात दार अडकायला लागतं.