कॅप रेट घराचा, कॅश-ऑन-कॅश तुमच्या खिशाचा

"कॅप रेट 6 टक्के आहे, कर्ज 5 टक्क्यांनी मिळतंय, म्हणजे बसल्या जागी 1 टक्का सुटला की!" भाड्यासाठी पहिलं घर घेणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान डोलावतो. गणित साफ चुकीचं आहे असंही नाही. ते अर्धवट आहे आणि हप्त्याच्या तारखेला नडतं.

कॅप रेट बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून धावतं सांगतो. वर्षाच्या भाड्यातून रिकामे महिने, डागडुजी, विमा, मालमत्ता कर वगैरे वजा करायचं आणि उरेल त्याला घराच्या किमतीने भागायचं. कर्जाचा इथे संबंधच येत नाही. घर रोखीने घ्या नाहीतर उधारीवर, आकडा तोच. (बाराही महिन्यांचं भाडं धरून, खर्च न काढता जो आकडा दाखवतात त्याला कृपा करून कॅप रेट म्हणू नका. तो ढोबळ भाड्याचा दर झाला, आणि घर विकणाऱ्याला नेमका तोच आवडतो.)

कॅश-ऑन-कॅशमध्ये हप्ते भरून वर्षाअखेर हातात काय उरलं ते बघायचं आणि त्याला तुम्ही पदरचे घातलेल्या पैशाने भागायचं. दोन घरांची तुलना करताना पहिला आकडा कामाचा. घर घेतल्यावर रात्री झोप लागेल का, हे दुसरा सांगतो.

आता तो 1 टक्का कुठे जातो ते बघू. घराची किंमत 100 धरा. सगळा खर्च जाऊन वर्षाला 6 उरतात, म्हणजे कॅप रेट 6 टक्के. पदरचे 20 घातले, 80 कर्ज काढलं, व्याज 5 टक्के, मुदत 30 वर्षं. वर्षाचे हप्ते होतात 5.15. हातात राहिले 0.85. वीसावर हे सव्वाचार टक्के. कर्जाने परतावा वाढणार होता ना? तो 6 वरून खाली आला!

गोम हप्त्यात आहे. हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलही जातं. पहिल्या वर्षीच्या 5.15 पैकी साधारण 3.97 व्याज आणि 1.18 मुद्दल. पण खात्यातून पूर्ण 5.15 जातात, आणि 80 च्या कर्जावर ते 6.44 टक्के पडतात. हातातल्या पैशाचा हिशेब करताना कॅप रेट या 6.44 शेजारी ठेवायचा. लोक तो व्याजदराशेजारी ठेवतात आणि तिथेच फसतात.

मग ते 1.18 बुडाले का? अजिबात नाही. तेवढं कर्ज फिटलं, तेवढं घर तुमचं झालं. 0.85 आणि 1.18 मिळून 2.03, म्हणजे वीसावर 10 टक्के. या अर्थाने 1 टक्का सुटला म्हणणारा खोटं बोलत नव्हता. फक्त ती कमाई भिंतीत जाऊन बसली आहे. घर विकल्याशिवाय किंवा त्यावर पुन्हा कर्ज काढल्याशिवाय ती बाहेर येत नाही, आणि पाइप फुटला की प्लंबर रोख मागतो.

वीस हा आकडाही मी तुमच्या सोयीने धरला. नोंदणी, दलाली आणि आधीची दुरुस्ती मिळून आणखी 5 गेले, तर भागाकार पंचविसाने करायचा: 3.4 टक्के. हे 5 विसरणारे रोज भेटतात.

घराची किंमत वाढेल, तो भाग वेगळा. ती वाढ मी वर्षाच्या हिशेबात धरत नाही, आणि धरणाऱ्याशी वाद घालायचंही सोडलंय. पहिल्याच घराचा कॅश-ऑन-कॅश शून्याखाली जात असेल, तर मी ते सोडून देतो.

आणि तो खाली जायला फार काही लागत नाही. व्याज 7 टक्के झालं की त्याच घराचे हप्ते 6.39 होतात आणि दरवर्षी 0.39 पदरचे घालावे लागतात. व्याज 5 च ठेवून, एकूण व्याज वाचावं म्हणून मुदत 20 वर्षं केली, तर हप्ते 6.34. व्याज खरंच वाचतं, पण दरवर्षी 0.34 तुम्ही भरता. कॅप रेट या सगळ्यात 6 वरून हललेला नाही.