रेटा अडवणाऱ्यांची पारख

उकिडवे बसून पाहा. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पुढे, पाठ शक्य तितकी ताठ. आपल्याकडे भांगलण करणाऱ्या बायका तासन्‌तास अशा बसतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आता साडेसहा फूट उंच, 140 किलो वजनाचा विशीतला तरुण डोळ्यांपुढे आणा. त्याला इतकं खाली बसायचं नाही, अर्धं बसलं तरी पुरे. पण त्याच अवस्थेत त्याला भराभर मागे सरकायचं आहे, आणि समोरून जवळपास तेवढ्याच वजनाचा माणूस त्याच्या अंगावर धावून येणार आहे. त्याचे घोटे किती वाकतात आणि गुडघ्यांऐवजी कंबर वाकते का, हे निरखण्याचा पगार घेणारी माणसं अमेरिकेत आहेत. त्यांना स्काउट म्हणतात.

एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये 32 संघ आहेत. दर वर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. त्याच्या सात फेऱ्यांत हे संघ कॉलेजमधून आलेले खेळाडू आळीपाळीने निवडतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, कोण निवडला यावर सगळ्यात जास्त चर्चा होते. मला मात्र त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांची निवड जास्त विलक्षण वाटते. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल, अशी ही ऑफेन्सिव्ह लाइन असते. क्वार्टरबॅकला पाडायला धावून येणाऱ्यांना अडवून त्याला चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंद मिळवून देणं हे त्यांचं मुख्य काम. फलंदाजाच्या धावा मोजता येतात, गोलंदाजाचे बळी मोजता येतात. लाइनमनच्या नावावर मात्र काहीच जमा होत नाही. काहीही घडू न देणं हीच त्याची कमाई, आणि न घडलेली गोष्ट मोजायची कशी, हाच खरा प्रश्न.

आधी रेट्याचं गणित पाहू. 140 किलोचा खेळाडू सरळ उभा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या टाचेच्या 25 सेंटिमीटर पुढे आहे असं समजा. समोरच्याने त्याला छातीवर, जमिनीपासून 140 सेंटिमीटर उंचीवर रेटलं, तर तो मागे कलंडायला 25 किलो वजनाइतका आडवा रेटा पुरतो. पहाडासारख्या माणसाला फक्त 25 किलो! आता त्याने गुडघे वाकवले, एक पाय मागे घेतला आणि गुरुत्वमध्य टाचेच्या 40 सेंटिमीटर पुढे आणला. खाली बसल्यामुळे समोरच्याचे हात 110 सेंटिमीटर उंचीवर लागतात. माणूस तोच, वजनही तेवढंच, पण त्याला कलंडवायला आता 51 किलोचा रेटा लागतो. म्हणजे दुप्पट. लाल मातीत घडलेल्या पैलवानाला हे शिकवावं लागत नाही, त्याच्या अंगात ते मुरलेलं असतं. स्टीफन नील 1999 साली कुस्तीत विश्वविजेता झाला. तो कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, तरी पुढे एनएफएलच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा गार्ड झाला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या तीन संघांत होता.

हे गणित पुतळ्याला लागू पडतं. माणूस पाय हलवतो आणि प्रत्येक पावलाबरोबर त्याचा पाया नव्याने मांडला जातो. म्हणून गुडघे वाकवून, पाय न गुंतवता आडवं सरकता येणं हे निव्वळ ताकदीपेक्षा मोलाचं ठरतं. घोटे ताठ असले की गुडघे पुरेसे वाकत नाहीत. मग खाली जाण्यासाठी माणूस कंबरेत वाकतो आणि त्याचा तोल पुढे जातो. समोरच्याने रेटण्याऐवजी हात धरून नुसतं ओढलं तरी तो तोंडावर आपटतो.

आता चाचण्यांकडे येऊ. ड्राफ्टच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसला कंबाइन भरतं. तीनशेच्या वर खेळाडू येतात आणि त्यांची उंची, वजन, हातांची लांबी, धाव, उडी सगळं मोजलं जातं. धाव 40 यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरची असते. लाइनमनला सामन्यात इतकं सरळ धावायची वेळ क्वचितच येते. त्यामुळे जाणकार पहिल्या 10 यार्डांचीच वेळ पाहतात, कारण त्यात पायांचा स्फोटक जोर दिसतो.

खरी गंमत बेंच प्रेसची आहे. पाठीवर झोपून 102 किलोची पट्टी, म्हणजे वजनं लावलेली दांडी, छातीवरून किती वेळा उचलता येते, ते इथे मोजतात. लाइनमनचे हात मात्र लांब हवेत, कारण ज्याचे हात समोरच्याच्या छातीला आधी लागतात तो त्याला दूर ठेवू शकतो. आता या दोन मागण्या शेजारी ठेवून पाहा. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. 102 किलोचं वजन म्हणजे सुमारे 1000 न्यूटन बल. लांब हातांच्या खेळाडूला ही पट्टी दर वेळी 8 सेंटिमीटर जास्त उचलावी लागली, तर प्रत्येक खेपेला 80 जूल जादा खर्च होतात. 25 खेपांत ते 2000 जूल होतात, म्हणजे 50 किलोचं धान्याचं पोतं चार मीटर वर चढवण्याइतकं काम. जो गुण हवा म्हणून आपण टेप घेऊन उभे आहोत, त्याच गुणाबद्दल दुसरी चाचणी खेळाडूला शिक्षा देते. शिवाय पाठीवर झोपलेल्या माणसाच्या पायांचा जोर त्यात येतच नाही, आणि लाइनमनचा रेटा तर पायांतूनच उगवतो. नुसता हा आकडा पाहून कुणाला कमजोर ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

टेपसुद्धा दिसते तितकी निःसंशय नाही. हाताची लांबी खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. लुइझियाना स्टेटचा टॅकल विल कॅम्पबेल याचा हात 2025 च्या कंबाइनमध्ये 32⅝ इंच भरला. काही आठवड्यांनी त्याच्या विद्यापीठात तो 33 इंच भरला. फरक सेंटिमीटरभराचा, पण कडेच्या टॅकलला हात जास्त लांब हवेत असं मानतात, म्हणून तेवढ्यावरून त्याला टॅकल म्हणावं की गार्ड, असा वाद रंगला. खांद्याच्या हाडाचं टोक चाचपून शोधावं लागतं. तेव्हा दोन मोजणाऱ्यांत एवढा फरक पडणं साहजिकच आहे. अखेर पेट्रियट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं.

चाचण्यांच्या आकड्यांचा पुढच्या यशाशी फारसा मेळ बसत नाही, यामागे आणखी एक कारण आहे. दहावीला 95 टक्क्यांच्या वर मिळालेल्या मुलांचाच वर्ग केला, तर 96 वाला आणि 98 वाला यांत पुढे कोण चमकेल हे गुणांवरून सांगता येत नाही. याचा अर्थ गुण निरर्थक आहेत असा नाही. चाळणी आधीच लागून गेली आहे, इतकंच. कंबाइनला आलेला प्रत्येक लाइनमन अशाच चाळणीतून आलेला असतो. केड मॅसी आणि नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टच्या निवडींचा अभ्यास केला. एखादा खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता सुमारे 52 टक्केच असल्याचं त्यांना आढळलं. छापा-काट्यापेक्षा किंचित बरी.

मग उरते ती फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रीकरण. स्काउट एकेका लाइनमनचे शेकडो प्रसंग मागेपुढे करून पाहतात. पण तिथेही फसगत होते. अनेक कॉलेज संघांत चेंडू इतक्या लवकर हातातून सुटतो की लाइनमनची कसोटी लागायच्या आतच खेळी संपते. अशा मुलाच्या बाजूने वर्षभरात एकदाही क्वार्टरबॅक पाडला गेला नाही, तरी त्यातून फारसं कळत नाही. उलट क्वार्टरबॅक चेंडू धरून रेंगाळला, तर दोष नसताना लाइनमनच्या माथी खापर फुटतं. म्हणून ज्या खेळींत तो खरोखर एकटा पडला आणि त्याला पुरेसा वेळ टिकावं लागलं, त्या वेगळ्या काढून पाहतात. समोरचे दोघे मध्येच जागा बदलतात तेव्हा तो गडबडतो का, शेजारच्या गार्डकडे आपला माणूस वेळेवर सोपवतो का, आणि एकदा हरल्यावर पुन्हा सावरतो का, हे तिथे दिसतं. माझ्या मते सावरणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या धडकेत प्रत्येकजण कधी ना कधी हरतोच.

ओक्लाहोमा विद्यापीठाचा टॅकल ऑरलँडो ब्राउन ज्युनियर 2018 च्या कंबाइनमध्ये 40 यार्ड 5.85 सेकंदांत धावला आणि त्याने पट्टी फक्त 14 वेळा उचलली. टॅकलसाठी हे आकडे फार वाईट होते. तो तिसऱ्या फेरीत 83 व्या क्रमांकापर्यंत घसरला. पण फिल्ममध्ये त्याचे लांब हात आणि अवाढव्य अंग ओलांडून जाणं समोरच्यांना कठीण पडताना दिसत होतं. फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये तो कॅन्सस सिटी चीफ्सचा डावा टॅकल होता. समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते. त्यांनी त्या मोसमात 70 वेळा प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला पाडलं होतं. त्या रात्री त्यांना एकदाही ते जमलं नाही.

त्याच सामन्यात ईगल्सच्या बाजूनेही पारखीच्या दोन गोष्टी उभ्या होत्या. सेंटर जेसन केल्सी 2011 साली सहाव्या फेरीत निवडला गेला होता, कारण तो या जागेसाठी हलका समजला जायचा. तो ईगल्ससाठी 13 मोसम खेळला. आणि डावा टॅकल जॉर्डन मायलाटा हा सिडनीचा रग्बी लीग खेळणारा मुलगा. 2018 मध्ये ईगल्सनी त्याला सातव्या फेरीत, 233 व्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पाहण्यासारखी फिल्म होती ती रग्बीची. त्यात सहा फूट आठ इंचांचा एक मुलगा चेंडू घेऊन माणसांच्या गर्दीतून वाट काढत होता, आणि त्याचे पाय कुठेही गुंतत नव्हते.