फ्लो डायव्हर्टर स्टेंट

मेंदूच्या नसेची भिंत कमजोर होऊन फुगा येतो त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि त्या फुग्याला हात न लावता तो बंद पाडणारी बारीक विणीची जाळी म्हणजे फ्लो डायव्हर्टर. जळगाव-धुळ्याकडे हृदयाचा स्टेंट घरोघरी माहीत झालाय, म्हणून हा पण तसाच असेल असं लोकं धरून चालतात. पण काम वेगळंय, हृदयातला स्टेंट तुंबलेली नस उघडतो, हा चांगल्या वाहत्या नसेत फुग्याच्या तोंडावरून बसतो आणि रक्ताची धार सरळ पुढे काढतो.

तापी-गिरणेकाठच्या माणसाला हे लगेच कळेल. वळणावरच्या डोहात धार शिरते तोवर पाणी गरगर फिरतं अन् काठ खातं, धार सरळ गेली की पाणी थांबतं, गाळ बसतो, डोह बुजत जातो. फुग्यात पण रक्त थांबून गुठळी होते आणि जाळीवर नसेचं आतलं अस्तर चढून तोंड बुजतं.

पाइपलाइन नावाची जाळी ४८ तारांची, कोबाल्ट-क्रोमियम अन् प्लॅटिनम-टंगस्टनची. धातूने झाकलं जातं ३० ते ३५ टक्केच, बाकी उघडं, त्यामुळे बाजूच्या बारीक फांद्यांना सहसा रक्त मिळत राहतं. कवटी उघडायची नाही, मांडीच्या नाहीतर मनगटाच्या नसेतून नळी वर नेतात. अमेरिकेत २०११ ला मंजुरी मिळाली ती मोठ्या, रुंद तोंडाच्या फुग्यांसाठी, कारण तिथे नुसत्या कॉइल, म्हणजे फुग्यात भरायच्या बारीक तारेच्या गुंडाळ्या, नीट टिकत नाहीत. याच जाळीच्या त्या वेळच्या पफ्स नावाच्या अभ्यासात सहा महिन्यांनी ७४ टक्के फुगे पूर्ण बंद होते, वर्षाने ८७, पाच वर्षांनी ९५. म्हणजे घाई नाही, आणि पहिल्या तपासणीत फुगा थोडा दिसला म्हणून ऑपरेशन फेल गेलं असं नाही.

घरी आल्यावरची मोठी जोखीम गोळ्या मधेच बंद होण्याची आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या आधीपासून सुरू करतात, दोन्ही काही महिने, अ‍ॅस्पिरिन त्याच्याही पुढे. नाशिक-मुंबईला जाळी बसवून पेशंट गावी येतो, बरं वाटतं, मग दात काढायचाय म्हणून कोणी सांगतं अन् गोळी बंद होते. अस्तर चढायच्या आधी हे झालं तर जाळीतच गुठळी होऊन लकवा मारू शकतो, म्हणून डिस्चार्ज कार्ड दाताच्या डॉक्टरला दाखवायचं आणि जाळी बसवणाऱ्याला फोन करायचा. फुगा आधीच फुटलेला असेल तर याच गोळ्या द्याव्या लागतात म्हणून हा स्टेंट सहसा पहिला पर्याय नसतो.