मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची गळती आणि दुरुस्ती

जलतरण तलावाच्या वाळूच्या फिल्टरवर, टाकीच्या माथ्यावर किंवा बाजूला बसवलेली, एकाच दांड्याने पाण्याची वाट बदलणारी झडप म्हणजे मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. बहुतेक व्हॉल्व्हना सहा स्थिती असतात: फिल्टर (पाणी गाळणे), बॅकवॉश (पाणी उलटे सोडून वाळू धुणे), रिन्स (त्यानंतर वाळू खळबळणे), वेस्ट (पाणी न गाळता बाहेर सोडणे), रिसर्क्युलेट (न गाळता तलावात फिरवणे) आणि क्लोज्ड (बंद). आत एक फिरती चकती असते आणि तिच्याखाली स्पायडर गॅस्केट, म्हणजे बैलगाडीच्या चाकासारखे आरे असलेले रबर. वरची जाड स्प्रिंग चकतीला या रबरावर दाबून धरते, म्हणून एका कप्प्यातले पाणी दुसऱ्यात जात नाही.

गळती दोन प्रकारची. दांड्याच्या बुडाशी किंवा झाकणाच्या कडेने पाणी टपकते, ती ओ-रिंगची, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या गोल रबरी कडीची गळती; ती दिसते, म्हणून लवकर दुरुस्त होते. खरी नुकसान करणारी गळती आतली. व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वर असताना पाणी गुपचूप वेस्टच्या पाइपातून गटारात जात राहते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद तलावाची पातळी १ सेंटिमीटर उतरली, तर ५०० लिटर पाणी गेले. टँकर मागवून तलाव भरणाऱ्या सोसायट्यांत हे पाणी बाष्पीभवनाच्या नावावर खपते, हे फार वाईट. पंप चालू ठेवून वेस्ट पाइपाचे तोंड पाहावे. ‘फिल्टर’वर तिथे धार दिसली, तर गॅस्केट गेले असे समजावे.

ते जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पंप चालू असतानाच दांडा फिरवणे. दांडा दाबला की चकती उचलली जाते, आणि त्याच क्षणी दाबाचे पाणी रबराचा आरा खाचेतून उपटते. बॅकवॉश घेताना ही चूक सर्रास होते. दुसरे कारण म्हणजे रबर आणि चकती यांमध्ये अडकलेला वाळूचा कण.

दुरुस्तीआधी पंप बंद करून त्याची वीज तोडावी आणि फिल्टरमधला दाब शून्यावर आणावा. पंपघर तलावाच्या पातळीखाली असेल, तर दोन्ही बाजूंच्या झडपा बंद केल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, नाहीतर सगळा तलाव पंपघरात उतरतो. झाकण व बॉडीवर मार्करने दोन्हींचा सांधा ओलांडणारी एकच रेघ ओढून ठेवावी. झाकण उलटे बसले तर दांड्याच्या स्थितींची नावे खोटी ठरतात. स्क्रू काढताना स्प्रिंग झाकण वर ढकलते, म्हणून ते हाताने दाबून धरावे.

जुने गॅस्केट हातात घेतले की दोष कळतो: एखादा आरा चपटा, पिळलेला किंवा तुटलेला असतो. खाच बोट फिरवून तपासावी, जुना गोंद व वाळू पूर्ण काढून ती कोरडी करावी. काही गॅस्केट गोंदाने चिकटवायची असतात, काही नुसती दाबून बसतात. कंपनीची सूचना पाहावी. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावावे. पेट्रोलियम जेलीने किंवा गाडीच्या ग्रीसने रबर फुगून खराब होऊ शकते. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत. एकाच बाजूने जोर लावला तर प्लास्टिकचे झाकण तडकते.

तडा बॉडीलाच गेला असेल, तर एम-सील भरून चालत नाही. पंपाच्या दाबाखाली तो पुन्हा उघडतो आणि शेवटी संपूर्ण व्हॉल्व्हच बदलावा लागतो.