फुगा फुटल्यावर घुमट काय बोलतो

इस्तंबूलची हागिया सोफिया चर्च म्हणून इ.स. ५३७ मध्ये बांधून झाली. सुमारे ५५ मीटर उंचीवरचा घुमट आणि आत सगळीकडे संगमरवर. वास्तू रिकामी असताना तिथला आवाज पुरता विरायला जवळजवळ ११ सेकंद लागतात. नुसत्या भाषणासाठी बांधलेल्या चांगल्या सभागृहात तो सेकंदभरात विरतो. या घुमटाखाली नऊ शतकं बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्यातली ख्रिस्ती) स्तोत्रं गायली गेली, पण विसाव्या शतकात वास्तूचं संग्रहालय झालं आणि तिथे गायला मनाई होती.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकीय संगीत आणि ध्वनिशास्त्राची ‘कार्मा’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथले जोनाथन एबल आणि कला-इतिहासाच्या अभ्यासक बिसेरा पेंचेवा यांनी वेगळी वाट काढली. २०१० साली हागिया सोफियात काही फुगे फोडून त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला गेला. मला हा प्रयोग अतिशय सुंदर वाटतो, कारण एवढ्या मोठ्या वास्तूला विचारलेला प्रश्न इतका साधा होता.

फुगा फुटतो तो क्षणभरच. त्यानंतर मायक्रोफोनला जे ऐकू येतं, ते सगळं भिंती, खांब आणि घुमट यांनी परतवलेलं असतं. ध्वनिशास्त्रात याला त्या जागेचा ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात. कोणताही आवाज म्हणजे एकामागून एक आलेले असंख्य बारीक धक्के. प्रत्येक धक्क्यामागे त्याच्या जोरानुसार हाच प्रतिसाद जोडायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची, की तो आवाज त्या वास्तूत कसा घुमला असता ते मिळतं. या क्रियेचं नाव कन्व्होल्यूशन.

सांगायला सोपं, पण आकडे पाहा. संगणकासाठी आवाजाची पातळी सेकंदाला ४८,००० वेळा मोजली, म्हणजे तितके नमुने घेतले, तर ११ सेकंदांच्या प्रतिसादात ५,२८,००० नमुने होतात. गाण्याच्या एका सेकंदासाठी अडीच हजार कोटींहून जास्त गुणाकार! १९६५ मध्ये कूली आणि टुकी या गणितज्ञांनी मांडलेल्या ‘फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म’ या, आवाज कंपनसंख्यांमध्ये झटपट विभागणाऱ्या पद्धतीने हे काम कैक पटींनी हलकं होतं. प्रतिसादाचे तुकडे पाडले, की गायक गात असतानाच उत्तर हाती येतं.

फुग्याची एक अडचण असते. त्याच्या आवाजात सगळ्या कंपनसंख्या सारख्या जोराच्या नसतात, आणि शेवटचा क्षीण भाग आसपासच्या गोंगाटात बुडतो. म्हणून प्रत्येक कंपनपट्ट्यातला आवाज किती वेगाने विरतो ते मोजायचं आणि हरवलेला भाग गणिताने पुरा करायचा. या कामातलं खरं कसब इथे आहे.

२०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या बिंग सभागृहात ‘कॅपेला रोमाना’ या गायकवृंदाने याच प्रतिसादासह गायन केलं. इतक्या घुमाऱ्यात भरभर म्हटलेले शब्द एकमेकांत मिसळतात. लांबवलेला सूर मात्र पुढच्या सुराला साथ देतो. या स्तोत्रांची संथ चाल अशा जागेत का शोभते, ते कागदावरच्या स्वरलेखनातून कळणं कठीण होतं.

त्याच वर्षी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्येही संशोधकांनी तिथल्या घुमाऱ्याची मोजणी केली. एप्रिल २०१९ मध्ये आग लागून छत कोसळलं, तेव्हा जुना नोत्र दाम कसा घुमत असे याची नोंद संशोधकांच्या हाती होती. जुन्या वास्तूंची दुरुस्ती काढण्याआधी आपण नकाशे आणि छायाचित्रं आवर्जून करून ठेवतो. त्या यादीत ही मोजणीही असायला हवी. तिला फार तर एक रात्र लागते.