चिपच्या आतली कोंडी आणि तुटलेली तार

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि मोबाइल अडखळायला लागतो. चिप फार तापली की ती स्वतःच वेग कमी करते. पण वेग मंदावण्याची कारणं चिपच्या अंतर्गत वाहतुकीतही असतात आणि ती ओळखणं जास्त अवघड आहे.

एका चिपवर डझनावारी कोअर (आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग) आले, तेव्हा सगळ्यांना एकाच सामायिक बसवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या तारांच्या एकाच रस्त्यावर, जोडणं परवडेना. 2001-02 च्या सुमारास डॅली आणि टाउल्स, तसंच बेनिनी आणि डी मिकेली या संशोधकांनी चिपमध्येच राउटरचं, म्हणजे निरोपांना वाट दाखवणाऱ्या छोट्या चौकांचं, जाळं विणण्याचा आग्रह धरला. 2007 मध्ये इंटेलने दाखवलेल्या प्रायोगिक चिपवर 80 कोअर अशाच जाळ्याने जोडलेले होते.

राउटरला चार दिशांना चार दारं, पाचवं स्वतःच्या कोअरकडे. निरोपाचे तुकडे दारातल्या बफरमध्ये (तात्पुरत्या थांब्याच्या जागेत) थांबतात आणि पुढे जागा झाली की सरकतात. देखरेख करणारे काउंटर इथेच बसवतात. किती तुकडे गेले हे ते मोजतात. बफर किती वेळ भरलेला होता हेही. मला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. तुकडे कमी गेले, म्हणजे रस्ता मोकळा होता की तुंबलेला, हे नुसत्या पहिल्या आकड्यावरून कळतच नाही.

खरी मेख पुढेच आहे. खराब तारही लांबून गर्दीसारखीच दिसते, कारण बिघडलेला तुकडा पुन्हा पाठवावा लागतो आणि मागे रांग वाढते. म्हणून तुकड्यासोबत तपासणीचे जादा बिट (0 किंवा 1 हे अंक) जातात. आपल्याकडच्या मागावर उभा धागा तुटला की ड्रॉप पिन पडते आणि माग थांबतो. चिपला थांबून चालत नाही. चूक कोणत्या जातीची, हे तिला चालता चालताच ठरवावं लागतं. वैश्विक किरणांमुळे हवेत तयार झालेला एखादा न्यूट्रॉन बिट उलटवून गेला असेल, तर तुकडा पुन्हा पाठवला की काम भागतं. त्याच तारेवर तीच चूक वारंवार दिसली, तर तार गेली असं समजायचं. विद्युतप्रवाहाच्या रेट्याने तारेतले धातूचे अणू सरकत जातात आणि पोकळी पडते; तापमान वाढलं की हे लवकर होतं.

मग वाहतूक दुसरीकडून वळवायची. तीही जपून, नाहीतर चार राउटर एकमेकांची वाट पाहत गोलाकार अडकतात आणि कुणीच हलत नाही. त्यासाठी काही वळणांवर कायमची बंदी घालतात.

या सगळ्या देखरेखीलाही जागा आणि वीज लागते. तिचे अहवाल त्याच रस्त्याने पाठवले तर गर्दीत भरच पडते. म्हणून काही रचनांत अहवालांसाठी वेगळ्या तारा असतात, तर काहींत आकडा ठरलेली मर्यादा ओलांडेल तेव्हाच राउटर अहवाल पाठवतो.