द्राक्षबागेतील गंधक येते कोठून?

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत भुरी हा बुरशीजन्य रोग दिसू लागला की फवारणीत गंधक हमखास असते. ते खाणीतून येत असावे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आज जगातील बहुतेक गंधक खनिज तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना हाती लागते.

विहिरीतून निघणाऱ्या वायूत मिथेनसोबत हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड असू शकतात. ओलावा मिळताच दोन्ही आम्लधर्मी होऊन पोलादी नळ कुरतडतात. त्यातही हायड्रोजन सल्फाइड फसवे विष आहे: सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही येतो, परंतु हवेच्या दहा लाख भागांत ते सुमारे 100 भाग झाले की नाकच बधिर होते आणि वास थांबला म्हणून निर्धास्त झालेला माणूस प्राणाला मुकू शकतो.

अशा ‘आंबट’ वायूला गोड करण्याचे, म्हणजे त्यातील आम्लधर्मी वायू काढून टाकण्याचे, काम अमाइन या अमोनियासारख्या अल्कधर्मी संयुगाचे पाणीदार द्रावण करते. उंच मनोऱ्यात वायू खालून चढतो, द्रावण वरून उतरते आणि आम्लधर्मी वायू धरून ठेवते. दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे 120 अंश सेल्सिअसला तापवल्यावर ते वायू सोडून देते आणि पुन्हा कामाला लागते. मुंबईच्या समुद्रातील बसीन क्षेत्राचा वायू गुजरातेत हजिरा येथे असाच गोड केला जातो.

वेगळ्या काढलेल्या हायड्रोजन सल्फाइडचे गंधक करण्याच्या पद्धतीचे पेटंट कार्ल फ्रिडरिश क्लाउस यांनी 1883 मध्ये घेतले. आजच्या रूपात तिच्यात एक तृतीयांश वायू जाळून सल्फर डायऑक्साइड केला जातो आणि उरलेल्या दोन तृतीयांशाशी त्याची अभिक्रिया होऊन गंधक व पाणी मिळते. खरी कसरत पुढे आहे. ही अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या सच्छिद्र उत्प्रेरकावर तापमान जितके कमी, तितके गंधक अधिक बनते. पण ते फारच उतरले तर गंधक उत्प्रेरकावरच साचून त्याची छिद्रे बुजवते. म्हणून वायू थंड करून गंधक काढून घ्यायचे, उरलेला पुन्हा तापवायचा, असे दोन-तीन फेरे होतात आणि 95 ते 98 टक्के गंधक सुटे होते. द्रवरूप गंधकही लहरी असते. काकवी तापवली की पातळ होते, हे मात्र 160 अंशांच्या सुमारास एकाएकी घट्ट होऊन पंपाला दाद देत नाही.

गंमत म्हणजे, इतक्या खटाटोपाने गंधक काढलेल्या वायूत घरोघरी पोचवण्यापूर्वी मरकॅप्टन हे गंधकाचेच दुर्गंधीयुक्त संयुग किंचित मिसळावे लागते, कारण शुद्ध मिथेनला वास नसतो आणि गळती झाली तरी कळत नाही.